पालक हिरवा आला म्हणजे माती सुधारली असं नाही

जड धातू मिसळलेल्या जमिनीबद्दल विचारायला येणाऱ्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, "काय टाकू?" मातीत शिसं आहे की कॅडमियम, हे तपासलेलं नसतं. तपासलं तरी नमुना पत्र्याच्या बादलीत कालवलेला, म्हणजे बादलीचं जस्त अहवालात. मी प्लास्टिकची बादली आणि लाकडी खुंटीच वापरते. वरची १५ सेंटीमीटर माती शेतात दहा ठिकाणांहून घेते आणि सावलीत वाळवते.

सगळ्यात जास्त नुकसान मात्र चुन्याने होताना पाहिलंय. आम्ल जमिनीत कॅडमियम मुळांना सहज मिळतं, तिथे चुना उपयोगी पडतो. कोकणातल्या तांबड्या मातीला तो चालेल. इंदूरची काळी माती मुळातच अल्कधर्मी, सामू (पीएच) बहुतेक आठच्या आसपास. इथल्या कान्ह नदीच्या पाण्यावर भाजी करणाऱ्या आमच्या नात्यातल्या एका काकांनी पालकाच्या वाफ्यांत चार पोती चुना पसरला. मी गेले तेव्हा कोवळी पानं पिवळी पडलेली, शिरा तेवढ्या हिरव्या. लोह आणि जस्त मातीतच अडकलं होतं. जस्त कमी पडलं की मुळं त्याच वाटेने कॅडमियम जास्त ओढतात. "अगं, दुकानात तर हेच सांगितलं," काका म्हणाले. मग मी हेक्टरी २५ किलोच्या हिशोबाने झिंक सल्फेट दिलं, म्हणजे जस्ताचं खत, सोबत घरचं कुजलेलं शेणखत.

शेणखत घरचं, कारण शहरी कचऱ्याच्या खतातूनही धातू येतात. खत नियंत्रण आदेशात अशा खताला किलोमागे कॅडमियमची ५ आणि शिशाची १०० मिलिग्रॅम मर्यादा आहे. विकणारे तपासणीचा अहवाल दाखवत नसतील तर घेऊ नका. १९२४ पासून ब्रिटिश कृषिशास्त्रज्ञ अल्बर्ट हॉवर्ड यांनी ज्या इंदुरात खत कुजवायची पद्धत बसवली, तिथे चार महिने थांबायची कुणाची तयारी नाही, याचं मला खरंच वाईट वाटतं.

पोटॅश देताना म्युरेट, म्हणजे पोटॅशियम क्लोराइड, टाळा, त्यातल्या क्लोराइडमुळे कॅडमियम विरघळलेलं राहतं. आर्सेनिक असेल तर डीएपी या फॉस्फेटच्या खताचा मारा नको, फॉस्फेट त्याला मातीच्या कणांवरून सुटं करतं. धातूंना धरून ठेवणारं ईडीटीए हे रसायन खाण्याच्या पिकात अजिबात नको. ते मातीत अडकलेले धातू मोकळे करतं.

तर काकांचा पुढचा पालक हिरवागार आला आणि ते जुड्या बांधायला बसले. मी हात धरला. रोपाने धातू सोसला, म्हणजे तो पानात नाही असं नसतं. कित्येक रोपं तो पेशीतल्या रिक्तिकेत, म्हणजे साठवणीच्या पिशवीत, कोंडूनच तग धरतात, आणि ते पान आपल्या ताटात येतं. जुडी तपासायला पाठवली. आठवड्याने कागद आला, कॅडमियम मर्यादेच्या वर. काकू म्हणाल्या, "नातवंडांना हाच घालत होतो की गं." काकांनी त्याच संध्याकाळी वाफे मोडले. तिथे आता झेंडू आहे. दुधी आणि भेंडी विहिरीच्या पाण्यावर, दुसऱ्या तुकड्यात. फळात पालेभाजीपेक्षा धातू कमी उतरतो, तरी पहिल्या तोडणीची भेंडी आम्ही तपासायला दिली आहे.