डिस्क ब्रेकची रोड सायकल: धोका नेमका कुठे असतो आणि तो कसा टाळावा

व्यावसायिक रोड शर्यतींमध्ये डिस्क ब्रेक (चाकाच्या मध्याशी बसवलेल्या चकतीवर पॅड दाबून थांबवणारे ब्रेक) वापरू द्यावेत की नाही, यावर २०१५ ते २०१८ या काळात बराच वाद झाला. त्याच्या मुळाशी मुख्यतः एकच भीती होती: घोळक्यात पडापड झाली तर फिरत्या चकतीने, म्हणजे रोटरने, कोणाचा तरी पाय कापला जाईल. १० एप्रिल २०१६ रोजी पॅरिस-रूबे शर्यतीत दगडी फरसबंदीच्या टप्प्यावर स्पेनचा फ्रान्सिस्को व्हेंतोसो पुढच्या स्वारावर आदळला आणि त्याच्या डाव्या पायाला गुडघ्याखाली खोल जखम झाली. ही जखम रोटरनेच केली, असे त्याने खुल्या पत्रात लिहिले आणि यूसीआय या आंतरराष्ट्रीय सायकलिंग संघटनेने शर्यतींत डिस्क ब्रेक वापरून पाहण्याची चाचणी त्यानंतर चारच दिवसांत थांबवली. २०१७ च्या हंगामात, रोटरच्या कडा गोलाकार करून, चाचणी पुन्हा सुरू झाली. त्याच फेब्रुवारीत अबू धाबी टूरमध्ये स्वार ओवेन डाउल याने आपला बूट दुसरा स्वार मार्सेल किटेल याच्या रोटरने कापला गेल्याचे सांगितले, तेव्हा तोच प्रश्न नव्याने उभा राहिला. दोन्ही घटनांत कापणारी वस्तू खरोखर रोटरच होती का, यावर अखेरपर्यंत एकमत झाले नाही. तरीही १ जुलै २०१८ पासून डिस्क ब्रेकना नियमित मान्यता मिळाली.

व्हेंतोसोची तक्रार हसण्यावारी नेण्यासारखी नव्हती आणि रोटरच्या कडा गोल झाल्या याचे श्रेय त्या वादाला द्यायलाच हवे. मात्र सकाळी चार-सहा जणांबरोबर सायकल चालवणाऱ्या माणसाला कापण्याच्या धोक्यापेक्षा उष्णता, तेलकट झालेले पॅड, नीट न आवळलेला चाकाचा आस म्हणजे अ‍ॅक्सल आणि स्टँडवर सायकल असताना रोटरजवळ गेलेली बोटे यांचा धोका कितीतरी अधिक असतो, असे माझे ठाम मत आहे. म्हणून काळजी घ्यायची ती आधी या गोष्टींची.

नवी सायकल घेतली किंवा पॅड बदलले की पहिल्याच दिवशी घाटात जाऊ नये. पॅडचा पातळ थर रोटरवर समान बसल्याशिवाय ब्रेकला पूर्ण ताकद येत नाही. त्यासाठी मोकळ्या, सपाट रस्त्यावर ताशी २० ते २५ किलोमीटर वेग घ्यावा, एकच ब्रेक दमदारपणे पण चाक न अडकवता दाबावा, वेग चालण्याइतका खाली आला की सोडावा आणि असे पुढच्या व मागच्या ब्रेकने प्रत्येकी सुमारे वीस वेळा करावे. पहिल्या काही वेळा ब्रेक मऊ लागतो आणि मग हळूहळू पकड वाढत गेलेली बोटांना स्पष्ट कळते. याच वेळी पुढचा ब्रेक कोणत्या लिव्हरवर आहे तेही पाहून घ्यावे, कारण काही सायकलींना तो उजवीकडे असतो, तर काहींना डावीकडे, आणि दुसऱ्याची सायकल चालवताना नेमकी याच ठिकाणी फसगत होते.

उष्णतेचा हिशेब प्रत्येकाने एकदा तरी करून पाहावा. पाचगणीहून पसरणी घाटाने वाईला उतरताना साधारण साडेपाचशे मीटर उंची कमी होते. स्वार आणि सायकल मिळून ८५ किलो वजन धरले तर सुमारे साडेचारशे किलोज्यूल ऊर्जा कुठेतरी जावी लागते. काही भाग हवेच्या विरोधात खर्च होतो हे खरे. पण सगळी ऊर्जा ब्रेकमध्येच गेली असे मानले, तर ती जवळजवळ दीड लिटर पाण्याला उकळी आणण्याइतकी आहे आणि ती झेलणारे रोटर जेमतेम शंभर-सव्वाशे ग्रॅमचे असतात. त्यामुळे पूर्ण उतारभर ब्रेक हलका दाबून ठेवण्याची सवय सोडावी. वळणाच्या आधी, सायकल सरळ असताना, दोन्ही ब्रेक जोरात पण थोडाच वेळ दाबावेत आणि मग पूर्ण सोडून रोटरला वारा लागू द्यावा. उतरताना लिव्हर हँडलबारच्या दिशेने नेहमीपेक्षा जास्त आत जाऊ लागला किंवा जळका वास आला, तर रस्त्याच्या कडेला सुरक्षित जागी थांबावे. थांबल्यावर रोटरला हात लावू नये आणि त्यावर पाणीही ओतू नये, कारण अचानक थंड झाल्याने तो वाकू शकतो. वजनदार स्वाराने किंवा सामान लादून जाणाऱ्याने पुढे १६० मिलिमीटरचा रोटर घ्यावा; १४० मिलिमीटरचा रोटर दिसायला नेटका असला तरी उष्णता कमी पेलतो.

पॅडला तेल लागणे हा सर्वांत सहज होणारा आणि सर्वांत उशिरा लक्षात येणारा बिघाड आहे. चेनवर स्प्रे मारताना उडालेले बारीक थेंब किंवा फ्रेम चकाकवण्याचे पॉलिश एवढेही त्याला पुरते. चेनला बाटलीतून थेंब थेंब तेल घालावे आणि रोटर फक्त आयसोप्रोपिल अल्कोहोल व स्वच्छ कापडाने पुसावा. पावसात ब्रेक किंचाळला आणि दोन-चार वेळा दाबल्यावर शांत झाला तर काळजीचे कारण नाही. कोरड्यातही किंचाळतो आणि पकड ढिली आहे, तर पॅड बदलावेत. शिमानो कंपनीच्या पॅडचा थर अर्ध्या मिलिमीटरवर आला की ते काढून टाकावेत. हायड्रॉलिक, म्हणजे द्रवाच्या दाबाने चालणाऱ्या, ब्रेकमध्ये मिनरल ऑइल की डॉट द्रव (मोटारींच्या ब्रेकमध्ये असतो तो), हे उत्पादकाच्या सूचनेप्रमाणेच ठरते. एकाच्या जागी दुसरे घातले तर आतली रबरी सील खराब होतात आणि ब्रेक निकामी होतो, म्हणून दुकानात काम देताना ही गोष्ट स्पष्ट सांगावी.

चाक काढल्यावर लिव्हर दाबू नये, नाहीतर पॅड ढकलणारे पिस्टन बाहेर येऊन पॅड एकमेकांना चिकटतात. प्रवासात पॅडमध्ये प्लास्टिकची चकती ठेवावी. सायकल उलटी किंवा उभी टांगली असेल, तर निघण्यापूर्वी लिव्हर काही वेळा दाबून तो कडक लागतो याची खात्री करावी. थ्रू-अ‍ॅक्सल (चाकातून आरपार जाणारा आस) टॉर्क रेंचने, म्हणजे ठरावीक जोरानेच आवळणाऱ्या पान्याने, आवळणे उत्तम. चाक लिव्हरने झटकन सोडता येणाऱ्या जुन्या क्विक-रिलीजच्या सायकलीकडे मात्र खास लक्ष द्यावे: २०१५ मध्ये ट्रेक कंपनीने लाखो सायकली परत बोलावल्या त्या याच कारणाने, की जास्त उघडलेला लिव्हर पुढच्या रोटरमध्ये अडकू शकत होता. असा लिव्हर रोटरच्या विरुद्ध बाजूला, म्हणजे उजवीकडे ठेवावा.

रोटर कॅलिपरला, म्हणजे पॅड धरणाऱ्या भागाला, घासत असल्याची तक्रार व्यावसायिक स्वार ख्रिस फ्रूमनेही २०२१ मध्ये जाहीरपणे केली होती. घरी उपाय करायचा तर कॅलिपरचे दोन्ही बोल्ट किंचित सैल करावेत, लिव्हर दाबून धरावा आणि बोल्ट आलटून पालटून आवळावेत. चाक फिरवून पाहताना हात टायरवरच ठेवावा. फिरत्या रोटरच्या भोकांत बोटाचे टोक गेले तर ते तुटू शकते, आणि हा धोका सायकल शर्यतीत नसून तुमच्या घरात स्टँडवर असतानाचा आहे.

ग्रुप राइडमध्ये ओल्या रस्त्यावर रिम ब्रेकवाल्याला थांबायला अधिक अंतर लागते, कारण त्याचे पॅड आधी रिमवरचे, म्हणजे चाकाच्या कडेवरचे, पाणी पुसतात आणि मग पकड घेतात. डिस्क ब्रेकवाल्याने म्हणूनच अचानक ब्रेक मारू नये, हाताने किंवा आवाजाने इशारा द्यावा. आणि मागून येणाऱ्या रिम ब्रेकवाल्याने पावसात किमान दोन-तीन सायकलींइतके अंतर ठेवावे. पडापड झालीच, तर सायकल उचलताना डाव्या बाजूने चाकाच्या मध्याजवळ हात घालू नये, आणि पुन्हा निघण्याआधी चाक उचलून फिरवून रोटर वाकला आहे का ते पाहावे. वाकलेला रोटर घेऊन उतार उतरू नये.