आधी काटा, मग बाकीचं

ग्लासगोला (राष्ट्रकुल स्पर्धा, २३ जुलै ते २ ऑगस्ट २०२६) आपल्या मॉरिशसच्या वेटलिफ्टरांना घेऊन जाणाऱ्यांसाठी लिहितोय. पासपोर्ट, ब्रिटनचं ईटीए (प्रवासाआधी घ्यायची ऑनलाइन परवानगी), ओळखपत्र हे सांगायची गरज नाही. फक्त नोंदणीतलं नाव पासपोर्टशी अक्षर न अक्षर ताडून बघा. आपल्याकडे एकाच घरात आडनावाची तीन स्पेलिंगं सापडतात.

आता काटा. वजनाचा डिजिटल काटा, स्वतःचा. मागच्या एका दौऱ्यात मी तो घरी ठेवला. म्हटलं, तिकडे असेलच की. होताही, सरावाच्या हॉलच्या कोपऱ्यात, आणि त्यावर आमची पोरगी रोज तिच्या वजनगटात बसत होती. वेट-इनला, म्हणजे स्पर्धेआधीच्या वजनतपासणीला, अधिकृत काट्यावर तीनशे ग्रॅम जास्त! स्पर्धेच्या दोन तास आधी वेट-इन सुरू होतं आणि तासाभरात बंद होतं. तेवढ्या वेळात हवं तितक्यांदा काट्यावर चढा, पण तास एकच. पोरगी दोन जॅकेटं चढवून जिना वर-खाली पळत होती, हातातल्या कागदी कपात थुंकत होती. शेवटी मी कुणाकडून तरी कात्री मागून आणली आणि तिची वेणी कापली. बसली वजनात, बारा मिनिटं राखून. पण स्नॅचच्या (बार एका झटक्यात डोक्यावर न्यायचा तो प्रकार) पहिल्या दोन्ही उचली वाया गेल्या, पाय नुसते लटपटत होते. ती अजून माझ्याशी बोलते, हा तिचा मोठेपणा.

तर काटा घ्या. सेल नवे घाला. निघण्याआधी वीस-वीस किलोच्या दोन प्लेटा ठेवून तपासा. पोचल्या दिवशीच तिथल्या अधिकृत काट्याशी ताडा आणि जो फरक येईल तो स्केचपेनने काट्याच्या पाठीवरच लिहून ठेवा, डोक्यात ठेवू नका. ग्लासगोला खेळाडूंसाठी वेगळं क्रीडाग्राम बांधलेलं नाही, मुक्काम हॉटेलं आणि विद्यार्थ्यांच्या वसतिगृहांत. म्हणजे खोलीत गालिचा असणार. गालिच्यावर काटा खोटं बोलतो. बाथरूमच्या फरशीवर ठेवा.

एवढं का डोकं खातोय? कारण आपली बरीच पदकं येतात ती किलोवर मोजणाऱ्या खेळांत. आपलं एकुलतं एक ऑलिंपिक पदक बॉक्सिंगचं, ब्रुनो ज्युलीचं, बीजिंग २००८. बर्मिंगहॅमला २०२२ मध्ये रानाइव्होसोआचं रौप्य वेटलिफ्टिंगचं, मीराबाई चानूच्या मागे, एकूण १७२ किलो. (मीराबाईचे २०१. तो फरक काट्याने भरून निघणारा नाही, ते सोडा.) मोठ्या देशांच्या पथकात एक चुकला तर दुसरा असतो. आपल्याकडे एकच पोर, आणि तिच्यामागे चार वर्षं.

घरचं लोणचं नको. आईला वाईट वाटेल, वाटू द्या. मीठ अंगात पाणी धरून ठेवतं आणि ते पाणी कुठे दिसतं? काट्यावर.

औषधं: प्रत्येकाकडून लिहून घ्या, काढे-चूर्णंसुद्धा. सर्दीच्या साध्या गोळीत स्यूडोएफेड्रिन (उत्तेजक) असू शकतं आणि स्पर्धेच्या काळात ते ठरावीक प्रमाणापुढे चालत नाही. दम्याचा पंप असेल तर कुठलं औषध, किती फवारे, हे डॉक्टरांकडून कागदावर आणा. आपल्यासोबत डॉक्टर नसतो. पथक लहान म्हणून सोबतची माणसंही मोजकीच, मॅनेजर आणि हमाल तुम्हीच. वेट-इनला पोरीबरोबर कोण आणि वॉर्म-अपला बार कोण लावणार, हे इथूनच ठरवून निघा.

बूट आणि पट्टा हातातल्या बॅगेत, चेक-इनमध्ये नाही. कारण विचारू नका. रात्री दहाच्या आसपास उजेड असतो, डोळ्यांवरची पट्टी घ्या. पावसाचं जॅकेट. प्लग आपला तीन पिनांचाच चालतो. झेंडा, पोशाख, डोडोच्या पिना, ते सगळं कुणीतरी आणतंच.

आणि काटा, तोही हातातल्या बॅगेत. जादा सेल बाजूच्या कप्प्यात. विमानतळाला निघताना दारात उभं राहून एकदा बॅग उघडून बघा, आहे ना.