भारताच्या दीर्घकालीन वाढीचे प्रतिमान कसे बांधावे

भारताची अर्थव्यवस्था २०५० साली केवढी असेल, हे एखादा वाढदर धरून आणि त्याला चक्रवाढ लावून कोणालाही सांगता येते. मात्र ३.५ टक्के दराने उत्पादन दुप्पट व्हायला वीस वर्षे लागतात आणि ७ टक्क्यांनी दहाच, म्हणजे सगळे उत्तर त्या धरलेल्या दरातच दडलेले असते. हा दर भांडवल, श्रम आणि उत्पादकता यांत फोडून दाखवणे आणि प्रत्येक भागामागचे गृहीतक उघड करणे, हे प्रतिमानाचे काम आहे. अर्थशास्त्रज्ञ रॉबर्ट सोलो यांनी १९५६-५७ मध्ये मांडलेली चौकट त्यासाठी आजही पुरेशी आहे, आणि साध्या एक्सेलमध्येही ती बसते.

सुरुवात राष्ट्रीय उत्पन्नाच्या आकडेवारीपासून करावी. १९५०-५१ पासूनचे वार्षिक आकडे मिळतात, पण ते वेगवेगळ्या आधारवर्षांच्या (ज्या वर्षाच्या किमती धरून हिशेब होतो, त्या वर्षांच्या) मालिकांत विभागलेले आहेत. २००४-०५ च्या मालिकेतील रक्कम २०११-१२ च्या मालिकेतील रकमेशेजारी तशीच ठेवू नये. दोन्ही मालिकांत समान असलेल्या वर्षांचे गुणोत्तर काढून जुनी मालिका नवीवर बेतावी. कालखंडाची टोकेही जपून निवडावीत. १९७९-८० मध्ये दुष्काळ आणि तेलाची दरवाढ यांमुळे उत्पादन सुमारे ५ टक्क्यांनी घटले होते. ते वर्ष आरंभबिंदू धरले, तर ऐंशीचे दशक होते त्याहून उजळ दिसते. २०२०-२१ चेही तसेच आहे.

भांडवलाचा साठा थेट मोजला जात नाही, तो गुंतवणुकीवरून उभा करावा लागतो. मागच्या वर्षीच्या साठ्यातून घसारा वजा करायचा आणि स्थिर किमतींतील नवी गुंतवणूक मिळवायची, असे वर्षानुवर्षे पुढे जायचे. पहिल्या वर्षाचा साठा काढण्यासाठी त्या वर्षीच्या गुंतवणुकीला वाढदर आणि घसारादर यांच्या बेरजेने भागावे: गुंतवणूक १००, वाढ ४ टक्के आणि घसारा ५ टक्के असल्यास साठा १०० भागिले ०.०९, म्हणजे सुमारे ११११ येतो. या अंदाजातली चूक वीस-पंचवीस वर्षांत बरीच विरते, म्हणून मालिका शक्य तितकी मागून सुरू करावी.

यानंतर उत्पन्नातील भांडवलाचा वाटा ठरवावा. पाठ्यपुस्तकातला एक-तृतीयांश भारताला डोळे झाकून लावणे चुकीचे आहे, कारण शेतकरी, दुकानदार, रिक्षाचालक यांच्या मिळकतीत मजुरी आणि नफा एकत्र मिसळलेले असतात. समजा, उत्पादन ६.५, भांडवल ८ आणि श्रम १.५ टक्क्यांनी वाढले. भांडवलाची वाढ त्याच्या वाट्याने आणि श्रमाची वाढ उरलेल्या वाट्याने गुणून उत्पादनाच्या वाढीतून वजा करायची; उरते ती उत्पादकता. भांडवलाचा वाटा ०.४५ धरल्यास उत्पादकतेच्या नावावर सुमारे २.१ टक्के उरतात; ०.३५ धरल्यास २.७. आकडेवारी तीच, निष्कर्ष मात्र वेगळा. म्हणून दोन्ही निकाल द्यावेत. १९८०-८१ पासून २७ उद्योगांची माहिती देणारा, रिझर्व्ह बँकेच्या संकेतस्थळावरील इंडिया क्लेम्स हा संच येथे पडताळणीला फार उपयोगी पडतो.

सर्वाधिक वेळ श्रमाच्या रकान्याला द्यावा, असे माझे ठाम मत आहे. श्रमबल सर्वेक्षणानुसार १५ वर्षांवरील महिलांचा श्रमबलातील (काम करणाऱ्या किंवा शोधणाऱ्यांतील) सहभाग २०१७-१८ मधील २३.३ टक्क्यांवरून २०२३-२४ मध्ये ४१.७ टक्क्यांवर गेला. या वाढीचा मोठा भाग स्वयंरोजगाराचा आहे, आणि त्यात घरच्या शेतात किंवा दुकानात विनामोबदला राबणाऱ्या स्त्रियाही मोठ्या संख्येने आहेत. हे काम पूर्वीही होत असेल आणि आता नोंदले जात असेल, तर श्रम वाढल्याचे दिसते, उत्पादन तेवढे वाढत नाही आणि उत्पादकता घसरल्याचा भास होतो. त्यामुळे माणसे मोजण्याऐवजी, जमेल तेथे, कामाचे तास मोजावेत, आणि शिक्षणानुसार भार द्यावा.

दुसरी बाब शेतीतून बाहेर पडण्याची. ढोबळमानाने ४५ टक्के कामकरी शेतीत आहेत आणि मूल्यवर्धनातील शेतीचा वाटा १८ टक्के आहे. म्हणजे शेतीबाहेरील दर कामकऱ्यामागचे उत्पादन शेतीच्या पावणेचार पट भरते. या हिशेबाने एक टक्का कामकरी बाहेर पडले, तर एकूण उत्पादन जवळपास एक टक्क्याने वाढायला हवे. प्रत्यक्षात बीडचा अल्पभूधारक शेती सोडून सॉफ्टवेअर कंपनीत जात नाही. तो बांधकामावर किंवा हातगाडीवर जातो, जिथली उत्पादकता बिगरशेतीच्या सरासरीहून पुष्कळ कमी असते. हा लाभ निदान निम्म्यावर आणावा. शिवाय हा प्रवास उलटाही होतो: रोजगारातील शेतीचा वाटा २०१८-१९ मधील ४२.५ टक्क्यांवरून २०२०-२१ मध्ये ४६.५ टक्के झाला. दरवर्षी ठरावीक घट धरणारे प्रतिमान ही शक्यता नाकारते, म्हणून वाटा स्थिर राहण्याचाही एक पर्याय मांडावा.

पुढचा अंदाज करताना भांडवलाचा वाढदर बाहेरून लादू नये. गुंतवणूक उत्पादनाच्या ३२ टक्के, साठा उत्पादनाच्या अडीचपट आणि घसारा ५ टक्के असेल, तर भांडवल ७.८ टक्क्यांनी वाढते. साठा उत्पादनाच्या तिप्पट झाला की तोच दर ५.७ वर येतो. केवळ गुंतवणुकीच्या जोरावर चढा वेग का टिकत नाही, हे या एका ओळीत दिसते. श्रमाचा अंदाज त्या मानाने सोपा आहे, कारण २०४० साली पंधरा वर्षांवर असणारे बहुतेक सगळे आधीच जन्मलेले आहेत. उत्पादकतेसाठी मात्र एक आकडा न देता कमी, मध्यम आणि जास्त असे तीन द्यावेत, आणि तिन्ही इतिहासात दिसलेल्या पट्ट्यातलेच असावेत.

शेवटी २००२-०३ पर्यंतचीच आकडेवारी वापरून पुढची वीस वर्षे प्रतिमानाकडून वदवून घ्यावीत आणि प्रत्यक्षाशी ताडून पाहावीत. फरक किती पडला आणि तो भांडवल, श्रम किंवा उत्पादकता यांपैकी कोणत्या रकान्यातून आला, हे २०५० च्या आकड्याशेजारी त्याच पानावर छापावे.