उभ्या गाडीतली थरथर : गॅरेजच्या कामात नव्याने उतरणाऱ्यांसाठी

आयडलिंगला, म्हणजे रेस न देता इंजिन नुसतं चालू असताना, गाडी थरथरते, ही तक्रार नव्या मेकॅनिकच्या वाट्याला फार लवकर येते. मग आधी प्लग बदलतात, ते जमलं नाही की कॉइल, मग थ्रॉटल बॉडीची सफाई आणि शेवटी माउंटिंग (इंजिनाला बॉडीवर धरून ठेवणारे रबराचे आधार). अशाने ग्राहकाचे पैसे जातात आणि शिकणाऱ्याच्या हाती काही लागत नाही. पाना उचलण्याआधी एका प्रश्नाचा निकाल लावा : इंजिन स्वतःच अडखळत चाललंय, की ते नीट चाललंय आणि त्याचा नेहमीचा कंप बॉडीत जास्त पोहोचतोय? पुढची सगळी तपासणी या उत्तरावर ठरते.

हा निकाल बराचसा हाताला आणि कानाला लागतो, फक्त थोडा हिशेब डोक्यात हवा. चार सिलिंडरचं इंजिन ७५० आरपीएमवर सेकंदाला साडेबारा फेरे घेतं. दर फेऱ्याला दोन सिलिंडर पेटतात, म्हणजे सेकंदाला २५ ठोके. हे ठोके सुटे कळत नाहीत, स्टिअरिंगवर आणि सीटखाली एकसारखी गुणगुण जाणवते. पण एकच सिलिंडर मिसिंग करत असेल, म्हणजे आपल्या पाळीला पेटत नसेल, तर त्याची पाळी दोन फेऱ्यांतून एकदा येते, सेकंदाला साधारण सहा वेळा. हा झटका सुटा ओळखू येतो; सायलेन्सरच्या तोंडाशी हात धरला तर ठराविक अंतराने ‘फट्’ असा खंड पडतो. झटके ठराविक अंतराने येत असतील तर एका सिलिंडरकडे बघा. कधी येतात, कधी नाही, असं असेल तर सगळ्या सिलिंडरांना मिळणाऱ्या हवेत किंवा इंधनात गडबड असण्याची शक्यता जास्त. आणि आरपीएमचा काटा स्थिर, आवाज सरळ, तरी डॅशबोर्ड थरथरतोय, तर आधी माउंटिंग.

तीन सिलिंडरच्या इंजिनाची गोष्ट वेगळी. ७५० आरपीएमवर तिथे सेकंदाला १९च्या आसपासच ठोके पडतात, शिवाय इंजिनाची दोन टोकं आळीपाळीने वर-खाली होऊ पाहतात. थोडी थरथर त्या रचनेतच आहे. त्याच मॉडेलची दुसरी चांगली गाडी शेजारी उभी करून तुलना करा आणि मगच दोष ठरवा.

ग्राहकाला विचारायच्या गोष्टी मोजक्या आहेत, पण त्या विचाराच. थरथर थंड इंजिनाला की गरम झाल्यावर? एसी लावल्यावर वाढते का? ऑटोमॅटिक असेल तर ब्रेक दाबून ‘डी’मध्ये टाकल्यावर वाढते आणि ‘एन’मध्ये जाते का? शेवटचं मोठं काम कोणतं झालं? टायमिंग बेल्ट बदलल्यानंतर थरथर सुरू झाली असेल तर एखादा दात सरकला असण्याची शंका आधी घ्या. ज्या इंजिनात बॅलन्स शाफ्ट (कंप कमी करणारा फिरता दांडा) आहे तिथे तोही चुकीचा जुळलेला असू शकतो, आणि त्याचा कोड (गाडीच्या संगणकाने नोंदवलेला दोषाचा क्रमांक) स्कॅनरवर बहुधा येत नाही.

‘डी’मध्ये वाढणारी आणि रेस १२००–१५०० पर्यंत नेली की गायब होणारी थरथर बहुतेकदा माउंटिंगची असते. बोनेट उघडा, हँडब्रेक ओढा. एकाने आत बसून ब्रेक घट्ट दाबून ‘डी’ आणि ‘आर’मध्ये क्षणभर हलकी रेस द्यायची, दुसऱ्याने बाजूला उभं राहून बघायचं. गाडीच्या पुढे किंवा मागे कुणीही उभं राहायचं नाही. मॅन्युअल गाडीत क्लच किंचित सोडून हाच भार देता येतो. इंजिन थोडं डोलणारच. पण इंचभर किंवा त्याहून जास्त उचलत असेल, किंवा ‘ठक्’ आवाज येत असेल, तर रबर गेलंय. तेल भरलेल्या माउंटिंगखाली काळा ओघळ दिसला तर आतलं तेल गळून गेलंय. रबर बाहेरून धड दिसलं तरी ते माउंटिंग बाद.

बसवताना होणारी चूक इथे नीट समजून घ्या. सम्पखाली (इंजिनाच्या तळाशी असलेल्या ऑइलच्या भांड्याखाली) लाकडी फळी ठेवून जॅकने इंजिनाचा भार घ्यायचा. जॅक थेट पत्र्याला लावला तर सम्प चेपतो. नवं माउंटिंग लावल्यावर बोल्ट आधी फक्त हाताने फिरवून ठेवायचे, जॅक काढून इंजिनाला स्वतःच्या वजनाने बसू द्यायचं, आणि मगच टॉर्क रेंचने कंपनीच्या आकड्यापर्यंत आवळायचे. आधीच आवळले तर रबर पिळलेल्या अवस्थेत अडकतं. मग नवीन माउंटिंग असूनही थरथर राहते आणि लोक दोष सुट्या भागाला देतात.

माउंटिंग चांगलं निघालं तर इंजिनाचा कंप आणखी कुठून बॉडीला पोहोचतोय ते शोधा : सायलेन्सरचं तुटलेलं हँगर रबर, सबफ्रेमला टेकलेला एक्झॉस्ट पाइप, बॉडीला घासणारा एसीचा पाइप. अगदी पाच मिनिटांचं काम, पण ते टाळून पूर्ण माउंटिंग सेट बदलल्याची उदाहरणं कमी नाहीत.

आता इंजिन खरंच अडखळत असेल तर. स्कॅनरवर पी०३०१ ते पी०३०४ पैकी कोड असेल तर शेवटचा आकडा सिलिंडरचा. पी०३०० म्हणजे झटके एकापेक्षा जास्त सिलिंडरांत किंवा अनियमित. कोड नसेल तर एकेका इंजेक्टरचा कनेक्टर काढून आरपीएम किती पडतो ते बघा. ज्याचा काढल्याने काहीच फरक पडत नाही, तो सिलिंडर काम करत नाहीये. कॉइलऐवजी इंजेक्टर तोडण्याचं कारण असं की स्पार्क बंद केला तर न जळालेलं पेट्रोल कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन तो तापतो आणि खराब होतो. चालू इंजिनावर प्लगची वायर उपटणं तर नकोच.

दोषी सिलिंडर सापडला की त्याची कॉइल शेजारच्या सिलिंडरवर लावा. मिसिंग कॉइलबरोबर सरकलं तर कॉइल दोषी. जागेवरच राहिलं तर तीच अदलाबदल प्लगची करा. प्लगचं टोक फिकट तपकिरी असावं. कोरडी काजळी म्हणजे इंधन जास्त किंवा स्पार्क कमजोर, ओलं तेल म्हणजे रिंग किंवा व्हॉल्व्ह सील. गॅप बहुतेक पेट्रोल इंजिनांत ०.७ ते १.१ मिमीच्या दरम्यान असतो, नेमका आकडा मॅन्युअलमधून घ्या. प्लग थंड इंजिनातच काढा, नाहीतर ॲल्युमिनियम हेडचे आटे जातात.

प्लग, कॉइल, इंजेक्टर ठीक असूनही तो सिलिंडर मरतोय, तर कॉम्प्रेशन मोजा : सगळे प्लग काढून, इंधन आणि स्पार्क बंद करून, थ्रॉटल पूर्ण उघडून. पेट्रोल इंजिनात साधारण १० ते १४ बार अपेक्षित, आणि सिलिंडरांमधला फरक १०–१५ टक्क्यांच्या आत. एक सिलिंडर कमी निघाला तर त्यात चहाचा चमचाभर इंजिन ऑइल घालून पुन्हा मोजा. आकडा चढला तर रिंग, नाही चढला तर व्हॉल्व्ह किंवा हेड गॅस्केट. सीएनजीवर खूप चाललेल्या इंजिनात व्हॉल्व्ह सीट झिजून क्लिअरन्स (व्हॉल्व्ह बंद असताना राहणारी फट) संपतो, म्हणून तिथे क्लिअरन्स आधी बघावा.

अनियमित झटक्यांसाठी सगळ्यात उपयोगाचा डेटा म्हणजे फ्युएल ट्रिम : गाडीचा संगणक इंधन ठरल्यापेक्षा किती टक्के वाढवतोय किंवा घटवतोय तो आकडा; शॉर्ट म्हणजे त्या क्षणाचा, लाँग म्हणजे शिकून साठवलेला. गरम इंजिनावर शॉर्ट आणि लाँग ट्रिमची बेरीज घ्या. आयडलला ती अधिक २० टक्क्यांच्या आसपास आणि २५०० आरपीएमवर शून्याजवळ आली, तर कुठूनतरी न मोजलेली हवा आत येतेय. आयडलला इंजिन घेतं तीच हवा इतकी थोडी असते की छोट्या भेगेतून येणारा हिस्साही मोठा ठरतो. रेस वाढली की तोच हिस्सा नगण्य होतो. उलट रेसबरोबर ट्रिमही चढत गेली, तर फ्युएल प्रेशर किंवा मळलेला एअर फ्लो सेन्सर (आत येणारी हवा मोजणारा) तपासा. हा नियम एअर फ्लो सेन्सरच्या गाड्यांचा आहे. ज्यात फक्त मॅप सेन्सर (मॅनिफोल्डमधला दाब मोजणारा) असतो तिथे जादा हवेचा दाबही मोजला जातो, म्हणून ट्रिम फारशी हलत नाही, आयडल मात्र चढतं.

हवेची गळती शोधताना पीसीव्ही नळी (इंजिनाच्या पोटातले वायू परत मॅनिफोल्डमध्ये नेणारी), ब्रेक बूस्टरची नळी आणि मॅनिफोल्ड गॅस्केट ही पहिली ठिकाणं. स्मोक मशीन असेल तर उत्तम. कार्ब क्लीनर चालू इंजिनावर मारण्याची सवय सोडा, तापलेल्या एक्झॉस्टवर पडला तर आग लागते. ट्रिम ठीक असूनही आयडल खडबडीत आणि रेसला इंजिन सरळ, तर ईजीआर व्हॉल्व्ह (एक्झॉस्टचा थोडा वायू परत इंजिनात सोडणारा) अर्धवट उघडा अडकलाय का बघा.

इलेक्ट्रॉनिक थ्रॉटल साफ करताना इग्निशन बंद हवं, झडप बोटाने जोरात ढकलू नका, आणि शेवटी स्कॅनरवरून आयडल रीलर्न करा, म्हणजे झडपेची आयडलची जागा संगणकाला पुन्हा शिकवा. ते राहिलं तर साफ केलेली गाडी आधीपेक्षा वाईट चालते.

काम संपल्यावर कोड पुसून गाडी लगेच देऊ नका. इंजिन थंड असताना, गरम असताना, एसी लावून आणि ‘डी’मध्ये अशी चारही वेळा आयडल बघा. आरपीएम, ट्रिम आणि मिसफायर काउंट दुरुस्तीआधीचे आणि नंतरचे, दोन्ही जॉब कार्डवर लिहा. तीच गाडी महिन्याने परत आली तर तपासणी त्या आकड्यांपासून सुरू करता येते.