चार्जिंग करताना लॅपटॉपला हात लावला की मुंग्या येतात? अर्थिंग तपासा

परदेशात धातूच्या बॉडीचा लॅपटॉप चार्जिंगला लावल्यावर मनगटाला मुंग्या येतात, तेव्हा चार्जर बहुधा ठीकच असतो. मधल्या ट्रॅव्हल अ‍ॅडॉप्टरमध्ये अर्थिंग पुढे जात नाही, हे खरं कारण.

चार्जरच्या आत मेन्स आणि आउटपुटच्या मध्ये छोटा कपॅसिटर असतो. त्यातून मिलिअँपिअरच्या अंशाएवढा प्रवाह गळतो. अर्थ जोडलेला असेल तर तो तिकडे निघून जातो, नसेल तर हातातून वाट काढतो.

चार्जरचं सॉकेट बघा. तीन पिनांचं, तिपानी आकाराचं सी६ असेल तर त्या देशाच्या तीन-पिनी प्लगची, त्यात बसणारी सी५ वायर घ्या. मग अ‍ॅडॉप्टर लागतच नाही, आणि माझ्या मते यापेक्षा चांगला उपाय नाही. दोन पिनांचं सी८ असेल तर त्याच्या सी७ वायरीतून अर्थिंग मिळणारच नाही.

अ‍ॅडॉप्टरच वापरायचा असेल तर तो भिंतीपासून काढून मल्टिमीटर कंटिन्युइटीवर (जोडणी असली की आवाज करणाऱ्या सेटिंगवर) ठेवा. एक टोक अर्थच्या छिद्रात, दुसरं अर्थच्या पिनवर. आवाज आला नाही तर अर्थ तुटका. ब्रिटिश अ‍ॅडॉप्टरची मोठी पिन प्लास्टिकची असेल तर ती फक्त सॉकेटची झडप उघडते. युरोपातला चपटा दोन-पिनी प्लग २.५ अँपिअरचा आणि अर्थविना. शुको या तिथल्याच जाड, गोल प्लगला मात्र बाजूला अर्थच्या पट्ट्या असतात.

मुंग्यांऐवजी जोरात झटका बसला तर तो चार्जर लगेच बंद करा, पुन्हा लावू नका.