डिस्ने वर्ल्डला निघताय? नागपूरकरांसाठी तयारीची यादी, जानेवारी २०२२

ज्यांची मुलं अमेरिकेत आहेत आणि ज्यांच्या पासपोर्टवर व्हिसा आधीपासूनच आहे, त्यांच्यासाठी हे लिहितेय. यातले नियम, दर आणि पार्कमधल्या सोयी जानेवारी २०२२ च्या, कोविडच्या काळातल्या आहेत. नवीन व्हिसा काढायचा असेल तर मुंबईला बीकेसीतल्या वकिलातीत मुलाखतीची तारीख सध्या लवकर मिळत नाही, तेव्हा तो बेत तूर्त पुढे ढकललेलाच बरा. बाकीच्यांनी एक गोष्ट पक्की लक्षात ठेवावी. या दिवसांत तिथे आयत्या वेळी काहीच जमत नाही. तारखा उलट्या मोजत यायच्या. आधी पार्कचा दिवस ठरवा, मग विमान, मग कोविडची टेस्ट. बॅग सगळ्यांत शेवटी.

फ्लोरिडातल्या ऑर्लँडोचं डिस्ने वर्ल्ड हे एक पार्क नाही. मॅजिक किंगडम, एपकॉट, हॉलिवूड स्टुडिओज आणि ॲनिमल किंगडम असे चार मोठे पार्क, शिवाय दोन वॉटर पार्क आणि कितीतरी हॉटेलं. सगळी जागा शंभर चौरस किलोमीटरच्या आसपास, म्हणजे आपल्या महापालिकेच्या हद्दीच्या जवळपास निम्मी. मार्च २०२० मध्ये बंद झालेले हे पार्क ११ जुलै २०२० पासून उघडू लागले, आणि तेव्हापासून तिकिटाबरोबर त्या दिवसाचं, त्या पार्कचं रिझर्व्हेशनही लागतं. नुसतं तिकीट असून चालत नाही. एका दिवसात दोन पार्क करायचे तर पार्क हॉपर तिकीट घ्या. पण आधी रिझर्व्हेशन असलेल्या पार्कमध्ये जाऊन यायचं आणि दुपारी दोननंतरच दुसरीकडे जायचं. म्हणून विमानाचं तिकीट काढण्याआधी डिस्नेच्या साइटवर रिझर्व्हेशनचं कॅलेंडर उघडून बघा. सध्या पन्नासाव्या वर्षाचा सोहळा चालू आहे, त्यामुळे सुट्ट्यांचे दिवस भराभर भरतात. टेबलावर बसून जेवायच्या रेस्टॉरंटचं बुकिंग साठ दिवस आधी उघडतं, तीही तारीख कॅलेंडरवर लिहून ठेवा.

आता कागदपत्रं. सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. अठरा वर्षांवरच्या पाहुण्याला अमेरिकेच्या विमानात बसायला लसीचे दोन डोस आणि दुसऱ्या डोसनंतर चौदा दिवस पूर्ण लागतात. कोविशील्ड आणि कोवॅक्सिन दोन्ही चालतात. खरी अडचण नावाची असते. आपल्याकडे पासपोर्टवर स्वतःचं नाव, वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव आणि आडनाव असं सगळं असतं. लस घेताना मात्र आधारवरचं नाव लागलेलं असतं, त्यात कधी मधलं नाव गळलेलं, कधी ‘बाई’ किंवा ‘राव’ जोडलेलं, कधी लग्नाआधीचंच आडनाव. लसीकरणाच्या कोविन पोर्टलवर नावाची दुरुस्ती एकदाच करता येते, तेव्हा पासपोर्ट समोर ठेवून अक्षर न् अक्षर जुळवून भरा. मग त्याच ठिकाणी पासपोर्ट नंबर जोडा आणि पूर्ण जन्मतारीख असलेलं परदेश प्रवासाचं प्रमाणपत्र काढून घ्या. मोबाइलमध्ये ठेवाच, पण दोन छापील प्रतीही घ्या. साठीच्या पुढचे आणि बीपी-शुगरसारखा काही आजार असलेले आई-बाबा सोबत असतील आणि दुसऱ्या डोसला नऊ महिने झाले असतील, तर १० जानेवारीपासून सुरू झालेला प्रिकॉशन डोस, म्हणजे तिसरा डोस, घेऊनच निघा. गेल्या एप्रिलमध्ये नागपुरात बेडसाठी कशी धावपळ झाली ते आपण सगळ्यांनी पाहिलं आहे. वडीलधाऱ्यांच्या बाबतीत ‘पाहू परत आल्यावर’ नको.

टेस्टचं गणित नागपूरकरांसाठी जरा वेगळं आहे, कारण आपल्याला आधी दिल्ली किंवा मुंबई गाठावी लागते. डिसेंबरपासून नियम असा आहे की निघण्याच्या आदल्या दिवशी किंवा त्याच दिवशी केलेली टेस्ट निगेटिव्ह हवी, दोन वर्षांवरच्या मुलांचीसुद्धा. इथे चोवीस तास मोजत नाहीत, दिवस मोजतात. शुक्रवारी रात्रीचं विमान असेल तर गुरुवारी सकाळची टेस्ट चालते. नागपूर-दिल्ली-न्यूयॉर्क असं सगळं एकाच बुकिंगमध्ये असेल आणि मधला थांबा चोवीस तासांपेक्षा जास्त नसेल, तर तारीख नागपूरच्या विमानापासून धरतात. नागपूर-दिल्ली वेगळं काढलं असेल तर दिल्लीहून सुटणाऱ्या विमानापासून धरतात. माझं मत विचाराल तर एकच बुकिंग करा. नाव तपासणं, सामान, उशीर, सगळ्याच बाबतीत ते सोयीचं पडतं. आरटी-पीसीआरचा रिपोर्ट वेळेत येईल की नाही याचा घोर लागत असेल तर लॅबमधली अँटिजेन टेस्टही चालते. मेडिकलमधून आणून घरी एकट्याने केलेली किट मात्र चालत नाही. रिपोर्टवर पासपोर्टप्रमाणे नाव, नमुना घेतल्याची तारीख, टेस्टचा प्रकार आणि लॅबचं नाव आहे ना, हे काउंटर सोडण्याआधीच पाहा. विमान कंपनी एक प्रतिज्ञापत्रही भरून घेते, ते घरूनच भरून न्या.

अठरा वर्षांखालच्या मुलांना लसीची अट नाही, पण लस न झालेल्या मुलांची तिथे पोचल्यावर तीन ते पाच दिवसांत पुन्हा टेस्ट करायची असते. म्हणून पोचल्याच्या दुसऱ्या दिवशी पार्क ठेवू नका. ती टेस्ट होऊ द्या, मुलांची झोप ताळ्यावर येऊ द्या, मग जा.

मुलांना एक गोष्ट इथूनच सांगून न्या: मिकीला मिठी मारता येणार नाही. सध्या मिकी-मिनी भेटतात ते थोड्या अंतरावरून, फोटोही तसाच निघतो. दुपारची मोठी परेड अजून सुरू झालेली नाही, त्याऐवजी छोट्या मिरवणुका अचानक येऊन जातात. रात्रीची आतषबाजी मात्र परत आली आहे. पाच वर्षांचं पोर महिनाभर त्या मिठीचं स्वप्न पाहत असेल आणि तिथे दोरीमागे उभं राहावं लागलं, तर त्याचा चेहरा आपल्यालाच बघवत नाही. आठ दिवस आधी गादीवर बसून समजावलं की मुलं समजून घेतात. लांबून हात कसा हलवायचा याचा घरीच सराव करवून घ्या, त्यांना त्याचीही मजा वाटते. उंचीही मोजून ठेवा. स्पेस माउंटनला ११२ सेंटीमीटर लागतात, बिग थंडर माउंटनला १०२. लहान भावंड बसत नसेल तर रायडर स्विच मागा, म्हणजे आई-बाबा आळीपाळीने बसू शकतात आणि रांग एकदाच लावावी लागते.

इमारतींच्या आत, राइडवर, बसमध्ये आणि मोनोरेलमध्ये दोन वर्षांवरच्या सगळ्यांना मास्क सक्तीचा आहे. उघड्यावर तुमची मर्जी. बर्डीच्या फूटपाथवर मिळणारे व्हॉल्व्हवाले मास्क किंवा गळ्यातून नाकावर ओढायचा कापडी गेटर तिथे चालत नाही. दोन थरांचे, कानात अडकणारे मास्क माणशी दिवसाला तीन तरी घ्या.

रांगांसाठी डिस्नेचं ॲप इथेच उतरवून, घरातल्या सगळ्यांची तिकिटं त्यात जोडून ठेवा. राइडच्या छोट्या रांगेची वेळ आधी राखून देणारी जिनी प्लस नावाची सशुल्क सोय माणशी दिवसाला पंधरा डॉलर अधिक कर अशी आहे, आणि तिचं पहिलं बुकिंग सकाळी सातला उघडतं. मॅजिक किंगडमच्या दिवशी घ्या, बाकी ठिकाणी गर्दी पाहून ठरवा. खाण्याची ऑर्डरही फोनवरूनच द्यायची, त्यामुळे पॉवर बँक, अमेरिकेचा चपटा पिन असलेला अडॅप्टर आणि तिथलं सिम लागेलच. बँकेच्या कार्डावर परदेशातले व्यवहार आधी चालू करून घ्या.

चालणं दिवसाला दहा-बारा किलोमीटर सहज होतं. आजपासून फुटाळ्यावर किंवा अंबाझरीला फिरायला लागा, आणि तेच बूट घालून फिरा. गुडघे दुखणाऱ्यांनी संकोच न करता पार्कच्या दाराशी व्हीलचेअर भाड्याने घ्यावी. कपडे थरांचे ठेवा, जानेवारीत सकाळी गारवा असतो आणि दुपारी स्वेटर काढावा लागतो.

बाहेरचं खाणं पार्कमध्ये नेता येतं, फक्त काचेची बाटली, दारू आणि गरम करावं लागणारं काही नको. पिण्याचं पाणी खाण्याच्या काउंटरवर फुकट मिळतं. नातवंडांसाठी चिवडा, तिळाचे लाडू खुशाल न्या, पण विमानतळाच्या फॉर्मवर खाण्याचं सामान आहे असं स्पष्ट लिहा. संत्री मात्र नेऊ नका. अमेरिकेत ताजी फळं नेता येत नाहीत, आणि फ्लोरिडा स्वतःच संत्र्यांचा मुलूख असल्याने झाडांच्या रोगांबाबत तिथे फार जपतात. न सांगता सापडलं तर दंड बसतो.

परतीची तयारीही निघण्याआधीच करायची. भारतात यायला विमानाआधीच्या ७२ तासांतली आरटी-पीसीआर लागते आणि तिचा रिपोर्ट एअर सुविधा या सरकारी पोर्टलवर चढवावा लागतो. कोविडच्या ओमिक्रॉन लाटेमुळे तिथेही लॅबमध्ये गर्दी आहे, स्लॉट इथूनच घ्या. कोणी पॉझिटिव्ह निघालं तर तो माणूस विमानात चढू शकत नाही. म्हणून तारीख बदलता येणारं तिकीट, कोविडचा खर्च देणारा प्रवास विमा, आणि नेहमीच्या गोळ्या पंधरा दिवस जास्तीच्या, डॉक्टरांच्या चिठ्ठीसह हातातल्या बॅगेत. ११ जानेवारीपासून परत आल्यावर सात दिवस घरातच राहायचं आणि आठव्या दिवशी पुन्हा आरटी-पीसीआर करायची, असा नियम आहे. ऑफिसची रजा तेवढी वाढवून घ्या, आठवड्याचा किराणा शेजाऱ्यांना आणून ठेवायला सांगा, आणि कामवाल्या ताईंना त्या दिवसांची भरपगारी सुट्टी द्या.