कॉइलओव्हरला पाना लावण्यापूर्वी

कॉइलओव्हर म्हणजे शॉक ॲब्जॉर्बरभोवती स्प्रिंग बसवलेले, उंची बदलता येणारे सस्पेन्शन. त्याची उंची बदलणे दिसायला सोपे आहे. लॉक रिंग (कॉलर जागेवर धरून ठेवणारे कडे) सैल करायची, कॉलर (स्प्रिंग जिच्यावर टेकते ते आट्यांवरचे कडे) फिरवायची आणि पुन्हा आवळायची. मात्र मोजमाप न घेता हे काम केले, तर गाडी एका कोपऱ्यात झुकते, टायर आतल्या कडेने झिजू लागतो किंवा साध्या खड्ड्यातही चाकाच्या कमानीतून धाडकन आवाज येतो. म्हणून या यादीत प्रत्यक्ष आवळण्यापेक्षा आधीच्या तयारीलाच जास्त जागा दिली आहे.

सर्वांत आधी आपल्या गाडीवर कोणत्या प्रकारचा संच आहे हे ओळखून घ्यावे. एका प्रकारात स्प्रिंग ज्या बैठकीवर टेकते ती बैठकच आट्यांवर वर-खाली सरकते आणि त्यातून उंची बदलते. दुसऱ्या प्रकारात शॉक चाकाच्या बाजूला जोडणारा खालचा ब्रॅकेट स्वतंत्रपणे फिरतो, त्यामुळे स्प्रिंगवरचा आरंभीचा दाब आणि शॉकची चाल न बदलता उंची कमी-जास्त करता येते. दुसऱ्या प्रकाराच्या संचात उंचीसाठी वरची कॉलर फिरवणे ही सरसकट होणारी चूक आहे. खालचा ब्रॅकेट बाहेर काढतानाही उत्पादकाने सांगितलेली किमान आट्यांची पकड राखलीच पाहिजे, कारण गाडीचा सगळा भार त्या आट्यांवर असतो. स्प्रिंग आवळली की ती कडक होते, हा समजही येथेच सोडून द्यावा. सरळ दराच्या, म्हणजे कितीही दाबली तरी कडकपणा सारखाच राहणाऱ्या, स्प्रिंगचा कडकपणा कॉलर फिरवल्याने बदलत नाही. बदलते ती गाडीची उंची आणि चाकाला वर-खाली जाण्यासाठी उरलेली चाल. कॉलर फार वर नेली, तर चाकाला खाली जायला जागा उरत नाही, आणि तेव्हा गाडी जी कडक भासते ती या कारणाने.

मोजमापासाठी सपाट, समपातळीतील जागा शोधावी. चारही टायरांत नेमून दिलेली हवा असावी, इंधन किती आहे याची नोंद करावी, डिकीतील सुटे सामान काढून ठेवावे आणि गाडी नेहमी एकट्याने चालवली जात असेल तर चालकाच्या जागी तेवढेच वजन ठेवावे. उंची जमिनीपासून न मोजता चाकाच्या केंद्रबिंदूपासून कमानीच्या कडेपर्यंत मोजावी, म्हणजे टायरची झीज आणि हवेचा फरक मापात येत नाही. गाडी थोडी पुढे-मागे ढकलून तेच माप पुन्हा घ्यावे. दोन्ही मापे जुळली तरच वहीत लिहावे. पत्र्याच्या कमानी दोन्ही बाजूंना अगदी सारख्या असतातच असे नाही, म्हणून कॉलरच्या खालच्या कडेपासून शॉकच्या नळीवरील एखाद्या पक्क्या खुणेपर्यंतचे अंतरही चारही चाकांपाशी लिहून ठेवावे. काही बिघडलेच तर मूळ जागी परत येण्याचा रस्ता या नोंदीतूनच मिळतो.

आता साधने. कॉलरच्या मापाचे दोन हुक पाने, टॉर्क पाना, शॉकचा शाफ्ट (आत-बाहेर सरकणारा दांडा) धरण्यासाठी ॲलन की, पोलादी फूटपट्टी, रंगाचा मार्कर, नायलॉनचा ब्रश, गंज सोडवणारे तेल, स्वच्छ फडकी, चाकांना लावायचे ठोकळे आणि वजन पेलणारे जॅक स्टँड एवढे हाताशी असावे. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली हातही घालू नये. एका ॲक्सलची दोन्ही चाके एकाच वेळी अधांतरी ठेवावीत, कारण एकच चाक उचलले तर अँटी-रोल बार (दोन्ही बाजूंच्या चाकांना जोडणारा, वळणावर गाडीचे झुकणे कमी करणारा दांडा) पिळला जातो आणि त्याचा ताण त्या कोपऱ्यावर येतो.

कॉलर फिरवण्यापूर्वी आटे स्वच्छ करणे हा या यादीतील सर्वांत दुर्लक्षित आणि माझ्या मते सर्वांत मोलाचा भाग आहे. चाक काढल्यावर आट्यांकडे जवळून पाहावे. कॉलरच्या खालच्या बाजूला चिखल वाळून दगडासारखा घट्ट झालेला असतो आणि प्रत्येक खाचेत बारीक वाळू बसलेली असते. कॉलर तशीच ओढली तर ती वाळू ॲल्युमिनियमला ओरखडत जाते, कॉलर अर्ध्यात अडकते आणि शेवटी आटे जातात. आधी पाणी आणि नायलॉनच्या ब्रशने माती काढावी, मग तेल सोडून थोडा वेळ थांबावे. तारेचा ब्रश वापरू नये, कारण तो गंजरोधक लेपच खरवडून काढतो. कॉलर अडली तर जोर वाढवण्याऐवजी थोडी उलट फिरवून घाण बाहेर पडू द्यावी. हुक पाना खाचेत पूर्ण बसला आहे ना हे दर वेळी पाहावे, कारण निसटलेला पाना कॉलरची खाच गोल करतो आणि हातालाही लागतो.

आता कॉलरवर रंगाची एक रेघ ओढावी आणि फेऱ्या मोजत जावे. आट्यांची पायरी साधारण 1.5 ते 2 मिलिमीटर असते, म्हणजे एका पूर्ण फेरीत कॉलर तेवढीच सरकते. चाकापाशी होणारा बदल मात्र सस्पेन्शनच्या रचनेवर ठरतो. मॅकफर्सन स्ट्रटमध्ये, म्हणजे शॉकच चाकाला वरून धरतो त्या रचनेत, तो कॉलरच्या सरकण्याच्या जवळपास असतो, तर डबल विशबोनमध्ये, म्हणजे चाक वर-खाली अशा दोन आर्मनी धरलेल्या रचनेत, शॉक आर्मवर आतल्या बाजूला बसवलेला असल्याने कॉलर थोडी सरकली तरी चाकापाशी उंची त्याहून बरीच जास्त बदलते. म्हणून पहिला बदल लहान ठेवावा. गाडीची उंची कमी करताना तीन जागा तपासाव्यात: चाक पूर्ण लोंबकळत असताना स्प्रिंग बैठकीवरून सुटत नाही ना, टायरची आतली बाजू स्प्रिंग किंवा बैठकीला लागत नाही ना आणि बंपस्टॉपला (चाल संपताना आघात झेलणाऱ्या मऊ ठोकळ्याला) टेकण्याआधी शॉकला पुरेशी चाल उरते आहे ना. चाल कमी पडते म्हणून बंपस्टॉप कापून टाकणारे अनेक जण आहेत. त्याने शॉक आतून आपटू लागतो आणि थोड्याच काळात निकामी होतो.

कॉलर जागेवर आली की लॉक रिंग पक्की करावी. वरचा नट आवळताना शाफ्ट ॲलन कीने धरावा. त्याला पकडीने धरले तर पडलेला ओरखडा सील फाडतो आणि तेल गळू लागते. इम्पॅक्ट गनही येथे टाळावी. कंट्रोल आर्मचे (चाकाला गाडीच्या सांगाड्याशी जोडणाऱ्या आर्मचे) रबरी बुश असलेले बोल्ट गाडी चाकांवर उभी असताना, नव्या उंचीवर, शेवटचे आवळावेत. चाक लोंबकळत असताना ते आवळले तर गाडी खाली येताच रबर कायमचे पिळलेल्या अवस्थेत राहते आणि लवकर फाटते. ब्रेकचा होज आणि एबीएस सेन्सरची वायर कोठे ताणली जात नाही ना, हे स्टेअरिंग दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून पाहावे.

गाडी खाली उतरवल्याबरोबर घेतलेले माप ग्राह्य धरू नये. चाके आतल्या बाजूला ओढलेली असतात आणि गाडी उंच भासते. थोडे अंतर चालवून, पुन्हा त्याच जागी उभी करून मोजावे. ज्यांना चार कोपऱ्यांची वजने जुळवायची आहेत, त्यांनी ते काम याच टप्प्यावर, अँटी-रोल बारची एक लिंक सोडवून करावे. एक कोपरा वर उचलला की त्या कोपऱ्यावरचे आणि त्याच्या कर्णातील चाकावरचे वजन वाढते, म्हणून केवळ दिसणाऱ्या उंचीवर विसंबता येत नाही. सगळे स्थिरावल्यावरच व्हील अलाइनमेंट करावी, कारण उंची बदलली की टो (वरून पाहता चाक आत किंवा बाहेर वळलेले असणे) आणि कॅम्बर (समोरून पाहता चाक आत किंवा बाहेर झुकलेले असणे) दोन्ही बदलतात. हेडलाइटचा झोत तपासायलाही विसरू नये.

डॅम्पिंग, म्हणजे स्प्रिंगच्या हालचालीला शॉकचा होणारा रोध, सर्वांत शेवटी. नॉब हलक्या हाताने पूर्ण बंद होईपर्यंत फिरवावा, बहुतेक संचांत हे घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने होते, आणि तेथून मागे येताना क्लिक मोजावेत. शेवटच्या टोकाला जोर लावू नये, आतली सुई नाजूक असते. एका ॲक्सलच्या दोन्ही बाजू सारख्याच ठेवाव्यात, एका वेळी पुढचा किंवा मागचा ॲक्सलच बदलावा, दोन-दोन क्लिकने पुढे जावे आणि दर वेळी त्याच रस्त्यावरून फिरून यावे. उंचवट्यानंतर गाडी डोलत राहिली तर रिबाउंड (दबलेली स्प्रिंग परत उघडताना शॉकचा होणारा रोध) कमी पडतो आहे. उलट, ओळीने येणाऱ्या उंचवट्यांवर गाडी दबत जाऊन अधिकाधिक कडक भासू लागली, तर रिबाउंड जास्त झाला आहे आणि चाकाला परत खाली यायला वेळ मिळत नाही.

देखभालीसाठी वहीत वेगळे पान ठेवावे. गाडी पहिल्या काही वेळा चालवल्यानंतर लॉक रिंग आणि सगळे बोल्ट पुन्हा तपासावेत. गाडी धुताना आट्यांवर पाणी मारावे, वाळल्यावर कोरडे वंगण किंवा गंजरोधक मेणाचा पातळ थर द्यावा. घट्ट ग्रीस लावले तर धूळ चिकटून राहते. शाफ्टवर तेलाचा हलका ओलावा दिसणे आणि शॉकच्या नळीवरून तेलाचा ओघळ येणे यांत फरक आहे: पहिल्यावर लक्ष ठेवावे, दुसऱ्याला दुरुस्ती लागते. गॅस भरलेला शॉक घरी उघडू नये, आत नायट्रोजन दाबाखाली असतो. स्टेअरिंग वळवताना स्प्रिंगचा टणत्कार ऐकू आला तर वरचे बेअरिंग पाहावे. हळू वेगात, लहान खड्ड्यांत खटखट आली तर आधी लॉक रिंग, मग अँटी-रोल बारची लिंक आणि मग वरच्या माउंटचा गोल जोड, या क्रमाने तपासावे.